लाइन क्लिअर

छत्तीस वर्षं या हाताला एकच शिकवलं:
आधी उलटा लाव.
तार तळव्याने चाचपायची नाही, बोटांच्या पाठीने.
करंट असला तर मूठ आवळते,
आणि तळव्यात तार असेल
तर तारेवरच आवळते.

आता तोच हात टॉवेलवर आडवा,
अशोक स्तंभाजवळ, तिसऱ्या मजल्यावर,
मूठ मिटून. अंगठा आत.
फेब्रुवारीत दाढी करता करता
डोक्यात डाव्या बाजूला कुठेतरी फ्यूज गेला.
रेझर बेसिनमध्ये पडला, एवढंच ऐकू आलं.

शाहीन मणियार कोपराखाली एक पॅड लावते,
मनगटाच्या अलीकडे दुसरं.
"किती?" मी विचारतो. जीभ जड, त-चा काहीच होत नाही.
"वीस मिलिअँपिअर, काका."
तिसाला घरातला ईएलसीबी पडतो,
हे मी तिला सांगत नाही.
ती बटण फिरवते तेव्हा
डावा हात गुपचूप कॉटची कड धरतो.

मुंग्या. मग अख्खं वारूळ.
मग मनगट उठतं,
मी काही म्हटलेलं नसताना,
झोपलेल्या पोराला कोणी बगलेत धरून
शाळेसाठी उभं करावं तसं.
मागोमाग बोटं. दहा सेकंद उघडी,
वीस सेकंद पुन्हा आपल्या बिळात.

"नुसतं बघू नका, मशीन उचलेल तेव्हा तुम्हीपण उचला.
हात सैल सोडा."
हे शेवटचं तिच्या आजोबांचं.
भद्रकालीत दुकान होतं,
नवरीचा पंजा दाबून, अंगठा तळव्यात मुडपून
चुडा चढवताना म्हणायचे,
सैल सोड बेटा, घट्ट धरलास तर काच फुटेल.

भीमा गांगुर्डे. हेल्पर. मोहाडी फीडर.
लाइन क्लिअर मिळालंय असं
कोणीतरी कोणालातरी सांगितलं होतं.
खाली घेतला तेव्हा मुठीत तारेचा तुकडा.
एकेक बोट मी सोडवलं. करंगळी सगळ्यात शेवटी.
मालूला कधी बोललो नाही,
आणि आता शब्द नीट निघत नाहीत
तर रोज सांगावंसं वाटतं.

करंट धरतो, एवढंच माहीत होतं.
सोडवतोसुद्धा, हे साठीनंतर कळलं,
एका बैठकीचे साडेतीनशे देऊन.

घरी चिमट्यांचा अभ्यास. दोरीवर लावायचे, काढायचे.
लावणं जमतं कधीमधी. सोडणं नाही.
परवा मालूचा पदर मुठीत आला,
सुटेना.
ती ओढत बसली नाही. तशीच उभी राहिली,
कुकरच्या चार शिट्ट्या होऊ दिल्या.

आज दोन मिनिटं बाकी असताना लाइट गेली.
मशीनचा आकडा विझला, पंखा रेंगाळत थांबला.
कुठला फीडर असेल, डोकं आपोआप तिकडे;
खाली रविवार कारंजाकडचे हॉर्न अचानक मोठे.
आणि सवयीने, दहा सेकंद झालेच असतील म्हणून,
मी म्हटलं, उचल.

अनामिका हलली.
जवभर.

रिटर्न असेल, मी म्हणालो.
गेलेल्या लाइनवर विश्वास ठेवायचा नसतो,
कोणाचा तरी जनरेटर उलटा ढकलत असतो,
असेच मेलेत आमचे कितीतरी.
"वायर काढ."
शाहीनने दोन्ही पिना उपटल्या,
माझ्या डोळ्यांसमोर धरल्या, लोंबत्या.
"आता?"

मी पुन्हा हाताकडे पाहिलं.
पंखा बंदच होता.